डांबरीकरणाच्या रात्री नेमकं कुठे उभं राहायचं: नव्या साइट इंजिनिअरसाठी

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी नवी मुंबईतल्या एका औद्योगिक रस्त्याचं डांबरीकरण माझ्याकडे होतं. काम मार्चमध्ये झालं. ठरलेल्या अंतरावर कोअर (थरातून कापलेले दंडगोल नमुने) काढले, प्रत्येक कोअर लेनच्या मधोमध, आणि सगळे पास झाले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन पट्ट्यांच्या जोडावरची खडी सुटायला लागली. गणपतीपर्यंत त्या एका रेषेवर हात-दीड हात लांबीचे सात खड्डे पडले होते. लेनच्या मध्यावर, जिथे मी कोअर काढले होते तिथे, रस्ता ठणठणीत होता.

माझे रिपोर्ट खरे होते. फक्त रस्ता जिथे कमजोर होता तिथे मी एकदाही मोजलं नव्हतं. माझ्या तपासणीच्या कागदावर चौरस मीटर होते, जोड नव्हता.

डिप्लोमा किंवा बी.ई. करून नुकत्याच साइटवर आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. तुम्ही कंत्राटदाराकडे असाल, सल्लागाराकडे असाल किंवा महापालिकेत जेई (कनिष्ठ अभियंता) असाल, रात्री दहा वाजता पेव्हर (गरम डांबरी माल पसरणारं यंत्र) सुरू होतो तेव्हा तुमच्याकडे दोन पाय, एक थर्मामीटर आणि फार तर एक मदतनीस असतो. सगळीकडे लक्ष पुरत नाही. म्हणून लक्ष कुठे द्यायचं ते आधी ठरवावं लागतं. जोखीम बघून तपासणी म्हणतात ती हीच.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांत, म्हणजे आपण साइटवर ज्याला 'मोर्थ' म्हणतो त्याच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत, ९०० व्या विभागात कोणती चाचणी किती कामामागे करायची ते दिलेलं आहे. ती संख्या कमी करायचा अधिकार तुम्हाला नाही. जोखमीचा विचार त्या संख्येच्या वर येतो: त्याच चाचण्या कुठे घ्यायच्या, जादा कुठे घ्यायच्या आणि तुम्ही स्वतः कुठे हजर राहायचं.

पहिली पायरी: रस्ता पायी चाला, दोनदा

एकदा दिवसा, एकदा रात्री. गाडीतून नको. हातात लेआउटची प्रिंट आणि लाल पेन ठेवा.

दिवसा पाणी शोधायचं. पाऊस नसला तरी पाण्याच्या खुणा राहतात: गाळाचा सुकलेला पापुद्रा, कडेला उगवलेलं गवत, जुन्या थरातली जाळीदार भेग, ठिगळावर मारलेलं ठिगळ. ठाणे-नवी मुंबईत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. डांबराला पाण्याइतका वाईट शत्रू दुसरा नाही, म्हणून जिथे पाणी थांबतं तिथे तुमची पहिली लाल खूण. उड्डाणपुलाखालून चालत असाल तर मान वर करून बघा. पुलाच्या पन्हळीचा पाइप तुटलेला असेल आणि सगळं पाणी रस्त्याच्या कडेवर पडत असेल, तर तिथला थर कितीही चांगला टाकला तरी टिकणार नाही. आधी पाइप दुरुस्त करायला लेखी कळवा. पाम बीचसारख्या खाडीकाठच्या रस्त्यावर गटारांची तोंडं रस्त्यापेक्षा खाली आहेत ना, हेही लेव्हल लावून बघून घ्या.

रात्री वाहनं बघायची. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या घाटात अवजड गाड्या पहिल्या गियरमध्ये चढतात आणि ब्रेक लावत उतरतात. कळंबोली सर्कलला, शिळफाट्याला, तुर्भे-महापेच्या एमआयडीसीत भरलेले ट्रेलर जागच्या जागी वळतात. सरळ रस्त्यावर चाक थराला खाली दाबतं. चढावर, वळणावर, सिग्नलच्या रेषेपाशी आणि बसथांब्यावर ते थराला आडवं ढकलतं. तिथे थर सरकतो, चाकोऱ्या पडतात. अशा प्रत्येक जागेला दुसरी लाल खूण.

मग चेंबर मोजा. ठाण्यात जुन्या गावठाणाच्या बाजूला दर पंधरा-वीस पावलांवर चेंबरचं झाकण सापडेल. प्रत्येक झाकणाभोवती माल हातानेच टाकला जाणार आणि मोठा रोलर तिथे नीट पोचणार नाही. तिसरी खूण.

फेरी संपल्यावर प्रिंटकडे बघा. एक किलोमीटरच्या रस्त्यावर लाल खुणा पसरून नसतात. चार-पाच जागी त्यांचे झुबके झालेले असतात. रात्रभर तुम्ही उभं राहायच्या जागा त्याच.

दुसरी पायरी: तीन प्रश्न, तीन आकडे

कामातल्या प्रत्येक टप्प्याला तीन प्रश्न विचारा. हे चुकायची शक्यता किती? चुकलं तर नुकसान किती? आणि चुकलं तर ते नंतर पकडता येणं किती अवघड? प्रत्येकाला १ ते ५ गुण द्या आणि तिन्हींचा गुणाकार करा.

माझ्या एका जुन्या कामाचा हिशेब देतो. मिलिंग केलेल्या (यंत्राने वरून खरवडलेल्या), धुळीने भरलेल्या पृष्ठभागावर टॅक कोट (दोन थर चिकटवणारा डांबराचा फवारा): शक्यता ४, नुकसान ५, पकडणं अवघड ५, गुणाकार १००. थंड जोड (आधीच्या निवलेल्या पट्टीला नवी गरम पट्टी भिडते तो): ४, ४ आणि ३, म्हणजे ४८. अनेक महिने एकाच खाणीतून येणाऱ्या, सतत तपासलेल्या खडीचं आघातमूल्य (ठोक्यांनी ती किती फुटते ते): १, ४ आणि २, म्हणजे ८. शेवटच्या बाबीचे रिपोर्ट सगळ्यात नीटनेटके असतात, कारण लॅब पंख्याखाली असते. वेळ मात्र शंभरवाल्या बाबीला द्यायचा.

तिसरा प्रश्न नवीन माणूस नेहमी विसरतो. थराची जाडी कमी पडली तर कोअर काढून उद्याही कळते. टॅक कमी पडला तर तो थराखाली गाडला जातो आणि त्यानंतर कोणत्याही नेहमीच्या चाचणीत दिसत नाही. जे झाकलं जाणार आहे ते झाकायच्या आधीच बघायचं. तुमच्या तपासणी आराखड्यात अशा टप्प्यांवर 'होल्ड पॉइंट' लिहा, म्हणजे तुमची सही झाल्याशिवाय पुढचं काम सुरू होणार नाही.

गुणाकाराला वेदवाक्य मानू नका. शक्यता १ असली तरी ज्या बाबीचं नुकसान ५ आहे तिच्यावर एकदा तरी स्वतःची नजर गेलीच पाहिजे. आणि हे आकडे रोज बदलतात. पेव्हर चालवणारा बदलला, प्लांट (डांबरी माल बनवायची जागा) बदलला, मे महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला की शक्यतेचा आकडा वाढवा. मुंबई परिसरात मान्सूनची सर्वसाधारण तारीख ११ जून. मेच्या अखेरीस सगळ्यांना काम संपवायची घाई असते, वळवाच्या सरी येत असतात आणि माणसं थकलेली असतात. माझ्या वहीत सगळ्यात जास्त नापास नोंदी त्याच दिवसांतल्या आहेत.

तिसरी पायरी: प्लांटवर दोन फेऱ्या पुरतात

प्लांटबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे यंत्र आणि लॅब दोन्ही असतात. जॉब मिक्सची (खडी आणि डांबराच्या ठरलेल्या प्रमाणाची) प्रत खिशात ठेवा. आपला दगड दख्खनचा काळा बेसाल्ट, डांबराला चांगला धरणारा. खरा त्रास त्याच्या चपट्या तुकड्यांचा आणि भुकटीचा. चपट्या आणि लांबुडक्या खडीचं एकत्रित प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. ढीग बघूनही अंदाज येतो: मूठभर खडी हातात घ्या, बोटांना भुकटीचा लेप बसत असेल तर ती खडी डांबर नीट धरणार नाही. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा प्लांट सुरू होतो तेव्हा भुकटीच्या ढिगाचं पोट ओलं असतं, तेही बघा.

मालात डांबराचं प्रमाण जॉब मिक्सपेक्षा ०.३ टक्क्यांहून जास्त इकडे-तिकडे चालत नाही. तापमान व्हीजी-३० या प्रतीच्या डांबरासाठी मिसळताना १५० ते १६५, व्हीजी-४० साठी १६० ते १७० अंश. गाडी भरताना निळसर धूर निघत असेल तर माल जळतोय. पांढरी वाफ निघत असेल तर खडीत ओल राहिली आहे. मालाचा ढीग पाण्यासारखा पसरून चकाकत असेल तर डांबर जास्त, निस्तेज तपकिरी असेल तर डांबर कमी किंवा ताप जास्त. जॉब मिक्सच्या फाईलमध्ये पाण्याने ताकद किती घटते त्या चाचणीचा निकाल आहे का ते नक्की बघा. भिजवल्यानंतर किमान ८० टक्के ताकद शिल्लक राहायला हवी. आपल्या पावसात ती चाचणी स्टॅबिलिटीइतकीच (भार पेलण्याच्या चाचणीइतकीच) महत्त्वाची आहे आणि फाईलमधून गायब असते तीही बहुतेक वेळा तीच.

गाडीच्या हौद्याला डिझेल मारलेलं असेल तर ती गाडी भरू देऊ नका. डिझेल डांबर विरघळवतं. वास ओळखायला शिका.

चौथी पायरी: टॅकपाशी गुडघे टेकवा

आता शंभर गुणांची बाब. वरचा थर खालच्या थराला चिकटला नाही तर दोन पातळ थर वेगवेगळे काम करतात, आणि ब्रेक लागतो तिथे वरचा थर चंद्रकोरीसारख्या भेगा देत सरकतो. हे दिसायला पहिला पाऊस किंवा पहिला कडक उन्हाळा लागतो.

आधी पृष्ठभाग. झाडू, मग कंप्रेसरची हवा. त्यानंतर लाल खुणांच्या जागी तळहात रस्त्यावर घासा आणि टॉर्चच्या उजेडात बघा. हात करडा झाला तर परत हवा मारायला सांगा. मिलिंगच्या खाचांमध्ये भुकटी दडून बसते, वरून रस्ता स्वच्छ दिसतो. एकदा असंच झालं होतं. मुकादम म्हणाला, "साहेब, दोनदा झाडलंय." मी काही न बोलता खिशातला रुमाल खाचेत फिरवला आणि त्याच्या हातात दिला. त्याने रुमाल बघितला आणि स्वतःच कंप्रेसरवाल्याला हाक मारली. त्यानंतर त्या टोळीकडे मला ते कधी सांगावं लागलं नाही. अशी तपासणी करताना आवाज चढवायची गरज पडत नाही.

मग प्रमाण. जुन्या डांबरी पृष्ठभागावर टॅक चौरस मीटरला ०.२० ते ०.३० किलो. मोजायला ३० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटरचा पत्र्याचा ट्रे घ्या, आधी वजन करा, फवारणीच्या वाटेत ठेवा, लगेच पुन्हा वजन करा. ट्रेचं क्षेत्रफळ ०.०९ चौरस मीटर, म्हणजे वजन १८ ते २७ ग्रॅमनी वाढलं पाहिजे. एक ग्रॅम दाखवणारा साधा काटा पुरतो. तीन ट्रे ठेवा: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. कडेचा नोझल बुजलेला असतो तेव्हा तो मधल्या ट्रेमध्ये कधीच कळत नाही, आणि कड म्हणजेच उद्याचा जोड.

ट्रेचं वजन बरोबर आलं तरी एक शंका उरते: इमल्शनमध्ये (पाण्यात मिसळलेल्या डांबरात) जादा पाणी तर घातलं नाही ना? टॅकसाठी लवकर फुटणारं आरएस-१ इमल्शन वापरतात, त्यात डांबराचा अंश किमान ६० टक्के असतो. लॅबमध्ये १०० ग्रॅम इमल्शन हलक्या आचेवर वजन स्थिर होईपर्यंत तापवा. मागे ६० ग्रॅमपेक्षा बरंच कमी उरलं तर टँकर परत पाठवा. एका रात्रीत एकदा ही चाचणी पुरते, पण कधी करणार ते आधी सांगू नका.

शेवटी रंग. इमल्शन तपकिरी असतं आणि पाणी सुटलं की काळं पडतं. काळं होईपर्यंत वर गाडी नाही, पेव्हर नाही. हिवाळ्याच्या दमट रात्री खाडीकाठी याला वेळ लागतो. ती दहा-पंधरा मिनिटं थांबणं कठीण असतं, सगळे तुमच्याकडे बघत असतात. थांबा.

पाचवी पायरी: मालाचं तापमान तुम्ही स्वतः मोजा

व्हीजी-३० चा माल पसरताना किमान १४० अंश, आणि थर ९० अंशांच्या खाली जायच्या आधी रोलिंग पूर्ण व्हायला हवं. व्हीजी-४० साठी हेच आकडे १५० आणि १००. पण हे आकडे पाठ असून उपयोग नाही, ते कुठे आणि कशाने मोजता यावर सगळं अवलंबून आहे.

इन्फ्रारेड गन फक्त वरचा पापुद्रा वाचते. हायवामधल्या (डंपरमधल्या) मालाची वरची साय थंड झालेली असते आणि आत माल गरम असतो. गनचा आकडा बघून चांगला माल परत पाठवाल. उलट गाडीच्या पुढच्या कोपऱ्यातला थंड माल गनला दिसतच नाही. म्हणून दांडीचा थर्मामीटर मालात खोल खुपसा, तीन जागी. ताडपत्री सगळीकडून बांधलेली आहे की नुसती वर टाकली आहे, तेही बघा. ठाणे शहरात दिवसा अवजड वाहनांवर निर्बंध, रात्री सगळी अवजड वाहतूक एकदम सुटलेली. शिळफाट्याच्या पलीकडचा प्लांट कागदावर चाळीस मिनिटांवर असतो आणि कोंडीत माल दीड-दोन तास अडकतो. चलानावर प्लांटवरून निघायची वेळ आणि तापमान असल्याशिवाय गाडी खाली करू देऊ नका.

पसरलेल्या थरावर गन मात्र फार कामाची. पेव्हरच्या मागे आडवी रेघ मारल्यासारखी गन फिरवा. एकाच पट्ट्यात शेजारशेजारच्या जागांत १४ अंशांपेक्षा जास्त फरक दिसला की खडूने वर्तुळ करा. तिथे थंड, जाड खडीचा माल गोळा झालेला असतो आणि तिथेच घनता कमी भरते. असे डाग बहुतेक दोन गाड्यांच्या सांध्यावर सापडतात: गाडी संपत आली की हौद्याच्या कडेची जाड खडी पेव्हरच्या हॉपरमध्ये (माल घेणाऱ्या पुढच्या पेटीत) येते, आणि चालक हॉपरचे पंख मिटून ती सगळी एकदम स्क्रीडखाली (माल सपाट करणाऱ्या मागच्या पट्टीखाली) ढकलतो. प्रत्येक गाडीनंतर पंख मिटू नका, इतकं सांगितलं तरी निम्मे डाग जातात.

रोलरला किती वेळ मिळतो? ४० मिलिमीटरचा थर रात्रीच्या वाऱ्यात फार पटकन निवतो. माझ्या अनुभवात हाताशी फार तर पंधरा-वीस मिनिटं असतात. ७५ मिलिमीटरच्या थराला त्याहून बराच जास्त वेळ मिळतो. पहिल्या रात्री पहिल्या गाडीमागे घड्याळ लावून दर दोन मिनिटांनी तापमान लिहा, तुमच्या रस्त्याचा खरा आकडा मिळेल. मग रोलर पेव्हरपासून किती मीटर मागे राहिला तर चालेल, ते काढा आणि रस्त्याच्या कडेला कोन ठेवून चालकाला दाखवा. चालकाला अंशांपेक्षा कोन लवकर कळतो.

रोलिंग खालच्या कडेकडून वरच्या बाजूला, वेग ताशी ५ किलोमीटरच्या आत, गरम थरावर थांबायचं नाही की जागच्या जागी वळायचं नाही. पाऊस सुरू झाला, पृष्ठभाग ओला असला, धुकं किंवा धुळीचं वादळ असलं, तापमान १० अंशांच्या खाली किंवा वारा ताशी ४० किलोमीटरच्या वर गेला तर काम थांबवायचं, असं विनिर्देशच सांगतात. आपल्याकडे थंडीचा प्रश्न येत नाही, पावसाचा येतो. वाटेत असलेल्या तीन गाड्यांचं काय, हा प्रश्न तेव्हा हमखास विचारला जाईल. त्याचं उत्तर संध्याकाळी हवामान बघून, गाड्या टप्प्याटप्प्याने मागवून आधीच द्यायचं असतं.

सहावी पायरी: जोड आणि चेंबर

ही पायरी मी सात खड्ड्यांची किंमत देऊन शिकलो.

काल टाकलेल्या पट्टीची कड उतरती आणि सैल असते. ती कटरने उभी, सरळ कापून सैल भाग काढायचा आणि कापलेल्या उभ्या भिंतीला डांबराचा हात मारायचा. फक्त वरून नाही, पूर्ण जाडीला. टॉर्च धरून भिंत काळी झालेली दिसेपर्यंत पेव्हर सोडू नका. खालच्या थराच्या जोडावर वरच्या थराचा जोड येता कामा नये, आणि सगळ्यात वरचा जोड लेनच्या रंगाच्या पट्ट्यावर यावा, चाकांच्या वाटेत नको.

मग सैल मालाची उंची. दाबून ४० मिलिमीटर हवे असतील तर सैल थर साधारण ५० असतो. जोडापाशी गरम बाजू थंड बाजूपेक्षा साधारण १० मिलिमीटर उंच दिसली पाहिजे. रेकवाला (दाताळ्याने माल सारखा करणारा) सफाई म्हणून ती उंची ओढून सपाट करतो, आणि मग रोलरचं वजन टणक थंड बाजू पेलते, गरम बाजू दाबलीच जात नाही. वरून जोड सुरेख दिसतो आणि आत पोकळ राहतो. माझ्या त्या रस्त्यावर नेमकं हेच झालं होतं. तो रेकवाला इतक्या कौशल्याने जोड एकसारखा करत होता की मी त्याचं कौतुक केलं होतं. दाबताना रोलरचं बहुतेक ड्रम गरम बाजूवर आणि साधारण १५० मिलिमीटर थंड बाजूवर असं आधी फिरवून घ्या.

चेंबरभोवती हाताने टाकलेला माल सगळ्यात आधी निवतो. म्हणून क्रम बदला: पेव्हर पुढे गेल्या गेल्या, ताजा गरम माल घेऊन, प्लेट कॉम्पॅक्टर तिथे आधीच सुरू असला पाहिजे. झाकणाची लेव्हल आदल्या दिवशी दोरी लावून तपासा. काम झाल्यावर तीन मीटरची सरळ पट्टी झाकणावर आडवी ठेवून बघा. झाकण बुडालेलं असेल तर प्रत्येक चाक तिथे आपटणार आणि सगळ्यात आधी कड उखडणार.

सातवी पायरी: कोअर दोन प्रकारचे, दोन वेगळ्या पानांवर

१५० मिलिमीटर व्यासाचे कोअर काढून घनता तपासायची आणि ती त्या दिवसाच्या सैल मालाच्या कमाल सैद्धांतिक घनतेच्या, म्हणजे जीएमएमच्या, किमान ९२ टक्के भरली पाहिजे. उदाहरण बघा. बेसाल्टच्या मालाची जीएमएम २.६२५ आली, तर ९२ टक्के म्हणजे २.४१५. लेनच्या मध्यावरचा कोअर २.४५ आला: ९३.३ टक्के, पोकळी ६.७. जोडावरचा कोअर २.३८ आला: ९०.७ टक्के, पोकळी ९.३. आकड्यांत फरक किरकोळ वाटतो. पण पोकळी ८ टक्क्यांच्या वर गेली की पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी आत शिरायला वाट मिळते. पहिला कोअर पावसात छत्रीसारखा राहतो, दुसरा स्पंजसारखा.

मान्यतेसाठीचे कोअर चिठ्ठ्या टाकून किंवा मोबाइलवर यादृच्छिक आकडे काढून ठरवा. ठरावीक अंतर ठेवलंत तर दुसऱ्या आठवड्यात रोलरवाल्यालाही कळतं की कुठे दोन फेऱ्या जास्त मारायच्या. लाल खुणांवरचे आणि खडूच्या वर्तुळांवरचे कोअर वेगळे, हेतुपुरस्सर. त्यांची सरासरी यादृच्छिक कोअरच्या सरासरीत मिसळू नका. मिसळलीत तर कंत्राटदार म्हणेल, "मुद्दाम वाईट जागा निवडल्या," आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. पहिल्या पानावरून रस्ता स्वीकारायचा की नाही ते ठरतं. दुसऱ्या पानावरून कुठे आणि काय दुरुस्त करायचं ते ठरतं. दोन्ही पानांचे नियम कामाआधीच्या बैठकीत लिहून, सही घेऊन ठेवा. कोअरची भोकं त्याच रात्री, थर देऊन, ठोकून भरा. भरायची राहिलेली भोकं पुढे खड्डे होतात.

जाडीसाठी कोअरची वाट बघायलाही नको. ३.५ मीटर रुंद, १०० मीटर लांब, ४० मिलिमीटर जाड म्हणजे १४ घनमीटर, २.४४ घनतेने ३४ टन माल लागला पाहिजे. चलानांची बेरीज २९ टन आली तर सरासरी जाडी ३४ मिलिमीटर आहे, आणि हे तुम्हाला पेव्हर पुढच्या शंभर मीटरवर असतानाच कळतं.

आठवी पायरी: सैल कधी सोडायचं, कधी आवळायचं

एखाद्या बाबीचे लागोपाठ पाच निकाल चांगले आले तर तुमची जादा तपासणी कमी करा आणि तो वेळ दुसरीकडे द्या. एक निकाल घसरला की त्या बाबीची तपासणी दुप्पट. नापास झाल्यावरच नाही, घसरल्यावरही: ९४, ९३.५, ९२.८, ९२.३ असे आकडे येत असतील तर चारही पास आहेत, पण पाचवा कुठे जाणार ते दिसतंय. रोलरचं कंपन बिघडलंय का, गाड्या उशिरा येतायत का, त्याच रात्री शोधा.

नोंद लिहिताना साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), बाजू, वेळ आणि तापमान लिहा. 'समाधानकारक' हा शब्द वहीत वापरू नका. दोन वर्षांनी खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. '०/४२० डावी, जोड, २३.४०, ११८ अंश, डागाला वर्तुळ, कोअर क्र. ७' यातून सगळं कळतं. रात्री लावलेले अडथळे आणि दिवे यांचीही नोंद ठेवा, आणि थर आजूबाजूच्या हवेइतका निवेपर्यंत वाहतूक सोडू नका. पहाटे पाचला वाहतूक पोलिसांचा फोन येणार हे धरूनच शेवटची गाडी किती वाजता घ्यायची ते संध्याकाळी ठरवा.

नववी पायरी: पहिल्या पावसात परत जा

जूनमधल्या पहिल्या दणक्यानंतर, सर थांबून अर्धा तास झाला की तीच लाल खुणांची प्रिंट प्लास्टिकच्या पिशवीत घालून रस्त्यावर जा. जिथे पाणी थांबलंय त्याची कड खडूने आखा आणि लांबी-रुंदी मोजा. बाकी रस्ता वाळला तरी जोडाची रेषा ओली दिसत असेल तर तो जोड पाणी पितोय. ती जागा लिहा आणि उघडीप मिळेल त्या दिवशी जोड सील करून घ्या. चेंबरच्या कडेला बोटाने खडी हलते का बघा. मग प्रिंटवर दोन रंग होतील: तुम्ही आधी ओळखलेल्या जागा आणि पावसाने दाखवलेल्या. पावसाने दाखवलेली, पण तुमच्याकडून राहून गेलेली प्रत्येक जागा वहीच्या शेवटच्या पानावर उतरवा. ऑक्टोबरात पुढच्या रस्त्याची पायी फेरी सुरू कराल तेव्हा ते पान उघडं ठेवा.